सोळा वाव

अंदमानहून डाइव्हिंग करून परत आले ती पुण्यात एक रात्र थांबून सरळ देवगडला गेले, कारण फोटो काकांना दाखवायचे होते आणि फोनवर त्यांना काही दिसत नाही, लॅपटॉपच लागतो. काका पंचाहत्तरीचे आहेत. आयुष्यभर गळाने मासे मारलेत, आता नजर कमी झाली म्हणून होडीवर जात नाहीत, पण समुद्राचा विषय निघाला की अजून ताठ बसतात. मी बॅग ठेवतेय तोवर पहिला प्रश्न, "किती वाव खाली गेलंस गो?"

मी म्हटलं, तीस मीटर.

"मीटर माका सांगू नको."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वाव म्हणजे दोन्ही हात आडवे पसरले की या टोकाच्या बोटापासून त्या टोकाच्या बोटापर्यंतचं अंतर, साधारण सहा फूट. इंग्रज खलाशी ज्याला फॅदम म्हणायचे तेच. आपल्याकडे दोर पाण्यातून वर ओढताना हातानेच मोजायचा, एक वाव, दोन वाव असा. तीस मीटर म्हणजे सोळा वाव आणि वर थोडंसं.

काकांनी पडवीतला नायलॉनचा जुना दोर काढला, हात पसरून पसरून सोळा वाव मोजले, दर वावाला गाठ मारली, एक टोक पडवीच्या पायरीला बांधलं आणि दुसरं घेऊन खळ्यातून चालत गेले. तिसऱ्या गाठीला तुळस आली, दहाव्याला विहिरीजवळचा माड आला, सोळावी गाठ बरोबर गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणाशी. मग परत येऊन पायरीवर बसले आणि म्हणाले, पायरी म्हणजे पाणी. आता चालत जा आणि सांग खंय काय असता.

मी दोन ट्रिपा मिळून हॅवलॉकला (आता अधिकृत नाव स्वराज द्वीप, २०१८ पासून, पण तिथले लोक हॅवलॉकच म्हणतात) वीसेक डाइव्ह केल्यात, पण कोणी मला असं दोरावरून चालत सांगायला लावलं नव्हतं. आणि सांगताना लक्षात आलं की मी स्वतः इतके दिवस चुकीचं समजत होते. मला वाटायचं जितकं खोल तितकं जास्त काही बघायला मिळणार, खरा खजिना खाली, वरचं म्हणजे आपलं स्नॉर्केलिंगवाल्यांसाठी. तसं अजिबात नाहीये.

पायरीपासून सुरू करते. पहिल्या वावाच्या आत जे असतं त्याला रीफ फ्लॅट म्हणतात, आपल्याकडच्या खडपासारखंच समजा, फक्त हा खडक पोवळ्यांनी स्वतः बांधलेला. ओहोटीला यातला काही भाग उघडा पडतो, दुपारी त्या डबक्यातलं पाणी अंगाला गरम लागतं, पाऊस पडला की खारटपणा उतरतो, आणि वर ऊन थेट. पोवळ्यासाठी ही फार कठीण जागा आहे, त्यामुळे तिथे जाती मोजक्या आणि चिवट. त्यात पोराइट्स नावाचं एक दगडासारखं गोल वाढणारं पोवळं असतं, ते वर वाढत वाढत ओहोटीच्या पातळीला पोचलं की त्याचा माथा हवेत सुकून मरतो आणि कडा मात्र जिवंत राहून बाजूला पसरत जातात. मग ते वरून सपाट टेबलासारखं दिसतं, मधे मेलेलं आणि कडेनं जिवंत. याला मायक्रोअ‍ॅटॉल म्हणतात. मला हे फार आवडतं कारण त्या माथ्यावर समुद्राची पातळी लिहिलेली असते, अक्षरशः. जमीन वर आली किंवा खाली गेली तर ते त्याच्या आकारात उतरतं आणि भूकंपाचा अभ्यास करणारे लोक ते वाचतात.

आणि अंदमानात तर हे सगळं एका दिवसात घडलंय. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानचा पश्चिमेकडचा किनारा मीटरभर ते दीड मीटर वर उचलला गेला, आणि त्याच वेळी पार दक्षिणेला ग्रेट निकोबारचं इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खाली गेलं. आपण त्सुनामीच्या लाटेबद्दल बोलतो आणि ते बरोबरच आहे, माणसं गेली. पण पोवळ्यांच्या बाजूने विचार करा, काल अर्ध्या वावावर असलेली अख्खी वसाहत आज पाण्याबाहेर. डोंगराएवढ्या जागा पांढऱ्या पडून मेल्या. मी काकांना म्हटलं, एक मीटर म्हणजे अर्ध्या वावाहून थोडं जास्त, तेवढ्यानं जगणं-मरणं ठरलं. काका काही बोलले नाहीत, पायरीकडे आणि पहिल्या गाठीकडे बघत राहिले.

पुढे पहिल्या गाठीपासून तुळशीपर्यंत. इथे लाटांचा मार असतो, पण उजेड भरपूर, आणि उजेड म्हणजे इथे जेवण. पोवळं हा प्राणी आहे पण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात, झूझँथेली म्हणतात त्यांना, ती उन्हात अन्न बनवतात आणि पोवळ्याला लागणाऱ्या ऊर्जेतला मोठा वाटा, काही वेळा ९० टक्क्यांपर्यंत, तिथून येतो. म्हणून उथळ पाण्यात वाढ भरभर, सांबराच्या शिंगांसारखी फांद्यांची पोवळी, अ‍ॅक्रोपोरा, एकमेकांत गुंतून झुडपंच्या झुडपं. फांद्यांत निळ्या-हिरव्या लहान माशांचा थवा, तुम्ही हात हलवला की सगळा थवा एकाच क्षणी फांद्यांत शिरतो आणि दोन सेकंदांनी परत बाहेर.

आणि ऊन आहे म्हणून शेवाळ आहे, शेवाळ आहे म्हणून ते खाणारे आहेत. सर्जनफिश, शेपटीच्या मुळाशी सुरीसारखं पातं असणारे, आणि पॅरटफिश. पॅरटफिशचा आवाज पाण्यात आधी ऐकू येतो मग तो दिसतो, कुर्रम कुर्रम, कोणीतरी शेजारी बसून चणे खातंय असं वाटतं. तो चोचीनं दगड खरवडतो, त्यातलं शेवाळ पचवतो आणि दगडाची पूड मागून सोडतो, तीच ती पांढरी वाळू. सगळ्यात मोठा जो डोक्यावर टेंगूळ असलेला पॅरटफिश, तो एकटा वर्षाला पाच टनांच्या आसपास पोवळं खातो असं मोजलंय. एक डॅमसेलफिश असतो तळहाताहून लहान, तो आपल्या शेवाळाच्या तुकड्याची शेती राखतो. मी जवळ गेले तर माझ्या मास्कवर येऊन आपटला दोनदा. मी मागे सरकले, जागा त्याची आहे.

हा तुळशीपर्यंतचा पट्टा सगळ्यात श्रीमंत आणि हाच सगळ्यात आधी मरतो. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापून आठवडे तसंच राहिलं की पोवळी ती शैवालं बाहेर टाकतात, पांढरी पडतात आणि गरमी उतरली नाही तर उपाशी मरतात. यालाच ब्लीचिंग म्हणतात. अंदमानात २०१० ला खूप मोठं ब्लीचिंग झालं, मग २०१६ ला परत. हॅवलॉकला मी दीड-दोन वावावर अशा जागा पाहिल्यात जिथे फांद्यांचा नुसता चुरा पडलाय, राखाडी, शेवाळ चढलेला, लांबच लांब. डाइव्हला नेणारा आमचा गाइड, कॅरेन समाजातला, मूळचा मायाबंदरकडचा (ही माणसं १९२५ पासून ब्रह्मदेशातून तिथे येऊन वसलीत आणि समुद्राची त्यांना फार जाण आहे), त्यानं बोटीवर सांगितलं की लहानपणी त्यानं हीच झुडपं छातीएवढ्या पाण्यात पाहिली होती. तो हे तक्रारीच्या सुरात नव्हता बोलत, आपण गावातलं जुनं घर कुठे होतं ते दाखवतो तसं दाखवत होता.

लक्षद्वीपला नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे लोक १९९८ च्या ब्लीचिंगपासून आगत्ती, कदमत, कवरत्तीची रीफ मोजत आलेत, आणि चोवीस वर्षांत जिवंत पोवळ्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलंय. त्यांच्या कामातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे सगळी जागा एकसारखी नाही मेली. किती खोल आहे आणि लाटा कुठल्या बाजूने लागतात यावर कुठली रीफ सावरणार आणि कुठली नाही हे बरंचसं ठरतं. म्हणजे एकाच बेटाच्या दोन बाजूंची, एकाच उतारावरच्या दोन खोलींची नशिबं वेगळी.

तुळशीच्या पुढे गेलं की रंग जायला लागतात. हे वाचून कळत नाही, बघावं लागतं. माझ्या मनगटाला एक लाल रबरबँड असतो स्लेटची पेन्सिल अडकवायला. बोटीवर लालभडक. पाच मीटरवर विटकरी, दहा मीटरवर तपकिरी, अठरा मीटरवर जवळजवळ काळा. पाणी लाल उजेड सगळ्यात आधी पिऊन टाकतं, मग नारिंगी, मग पिवळा, आणि शेवटी उरतो तो निळा. एकदा लाइटहाउस नावाच्या साइटवर खडकाला बोट घासलं आणि रक्त आलं तर ते हिरवट दिसत होतं, मला क्षणभर कळेना हे माझ्याच बोटातून येतंय का.

काकांना हे आधी पटलं नाही. मग लॅपटॉपवर दोन फोटो दाखवले, एकाच माशाचे, अठ्ठावीस मीटरवरचे. पहिला टॉर्चशिवाय, त्यात एक राखाडी-काळसर मासा कपारीत, नीट बघितलं नाही तर दिसणारही नाही. दुसरा टॉर्च लावून, लालबुंद, डोळे मोठे. बिगआय म्हणतात त्याला. काका स्क्रीनला नाक लावून बघत होते. म्हणाले, "म्हणजे थंय ती लाल दिसणाच नाय?"

नाहीच दिसत. खाली लाल उजेडच पोचत नाही म्हणून लाल रंग म्हणजे अंधाराचा रंग, लपायला एकदम सोयीचा. बिगआय, सोल्जरफिश, स्क्विरलफिश, दिवसा कपारीत बसून राहणारे आणि रात्री बाहेर पडणारे हे सगळे लाल आणि मोठ्या डोळ्यांचे. आणि मग काका स्वतःच म्हणाले की तांबोशी तळालाच लागते, राणी पण तळालाच. मला हे कधी सुचलंच नव्हतं! मासळी बाजारात टोपलीत लाल-गुलाबी चमकणारे मासे आपण वर्षानुवर्षं बघतो, आणि ते जिथे राहतात तिथे त्यांना तसं कोणीच बघत नाही.

तुळस ते माड, म्हणजे तीन ते दहा वाव. लाटांचा मार कमी झालेला, उजेड अजून पुरेसा, त्यामुळे पोवळ्यांच्या जातींची गर्दी बहुतेक ठिकाणी याच पट्ट्यात सगळ्यात जास्त असते. फांद्या कमी होत जातात, मेंदूसारखी, घुमटासारखी मोठी पोवळी येतात, मधे मऊ पोवळी, पिंपाएवढे स्पंज. आणि जसं खाली जाल तसं सगळं पसरट व्हायला लागतं. ताटासारखं, छपरावरच्या कौलांसारखं एकावर एक. कारण सोपं आहे, उजेड कमी झाला की अंग पसरून जेवढा मिळेल तेवढा झेलायचा. जमैकाला थॉमस गोरो नावाच्या शास्त्रज्ञानं पाण्यात स्वतः उतरून रीफचे हे पट्टे नोंदवले, १९५९ ला त्याचं काम छापून आलं, आणि कॅरिबियनमध्ये तर एकच जातीचं पोवळं वर घुमट आणि खाली ताट झालेलं दिसतं. आमच्याकडे आंब्याचं झाड दाट बागेत आणि मोकळ्या सड्यावर वेगळं वाढतं तसं, हे काकांचं म्हणणं, माझं नाही.

मासेही बदलतात. शेवाळ खाणारे विरळ होतात कारण शेवाळच कमी, आणि पाण्यातून वाहत येणारं प्लँक्टन टिपणारे वाढतात. फ्युझिलियरचे थवे, पाठ पिवळी अंग निळं, शेकडो, ते तुमच्या अंगावरून नदीसारखे वाहत जातात आणि तुम्ही श्वास सोडला की बुडबुड्यांभोवती थवा दुभंगतो. अंथियासचे छोटे नारिंगी मासे उताराच्या कडेला, सगळ्यांची तोंडं प्रवाहाकडे. इथून पुढे उन्हावर नाही, प्रवाहावर पोट भरायचं असतं.

माडापाशी मी थांबले, कारण ओपन वॉटर, म्हणजे डाइव्हिंगचं पहिलं सर्टिफिकेट असेल तर दहा वाव, अठरा मीटर, इथपर्यंतच परवानगी. पुढचं अ‍ॅडव्हान्स्डवाल्यांना, तीस मीटरपर्यंत. आणि इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, खोली आपल्याकडून वेळ मागते. दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, तीस मीटरवर चौपट, म्हणजे सिलेंडरमधली हवा चौपट वेगानं संपते आणि रक्तात नायट्रोजनही भराभर मुरतो. पॅडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या डाइव्ह टेबलात दहा मीटरला २१९ मिनिटं दिलीत, अठराला ५६ आणि तीसला फक्त २०. म्हणून आपण खालच्या जगाबद्दल इतकं कमी जाणतो, बाकी काही गूढ नाही त्यात. वर साडेतीन तास बसून बघता येतं आणि खाली वीस मिनिटं.

ती वीस मिनिटं मी डिक्सन्स पिनॅकलवर घालवली. हॅवलॉकहून बोटीनं जायला लागतं, मोकळ्या समुद्रात, वरून काहीच दिसत नाही, निळं पाणी आणि एक दोर. दोराला धरून उतरत जायचं. माथाच सतरा-अठरा मीटरवर, म्हणजे पायरीपासून माडापर्यंत नुसतं पाणी, आणि मग एकदम खडक. उतरताना कुठेतरी समोरचं पाणी तेल मिसळल्यासारखं थरथरायला लागलं, मला वाटलं मास्क धूसर झाला, आणि पुढच्या क्षणी थंडीची लाट अंगावर. थर्मोक्लाइन, म्हणजे वरचं गरम आणि खालचं गार पाणी जिथे भेटतं तो थर. अंदमानच्या समुद्रात पाण्याच्या पोटातून मोठमोठ्या लाटा चालतात ज्या वरून सहज ओळखूही येत नाहीत आणि त्या खालचं गार पाणी वर ढकलतात. वर पोवळी तापत असताना हे गार पाणी खालच्यांना वाचवू शकतं, म्हणून मला थंडी वाजत होती तरी बरं वाटलं.

खाली काय होतं ते नीट सांगते. पंखे. सी-फॅन, गॉर्गोनियन, माणसाएवढे, सगळे एकाच दिशेला आडवे उभे, प्रवाहाला काटकोनात, जाळं लावल्यासारखे. काकांना हे लगेच कळलं, प्रवाहात जाळं कसं लावतात ते त्यांना मी काय सांगणार. हे पंखे पण पोवळ्यांचेच नातेवाईक, पण यातल्या बहुतेकांच्या अंगात शैवालं नसतात, ते वाहून येणारं पकडून खातात. त्यांच्याजवळ चाबकासारखी लांब व्हिप कोरल, झाडासारखं ब्लॅक कोरल जे जिवंत असताना काळं दिसतच नाही. वर स्नॅपरचा थवा, इतका दाट की त्याच्यामागचा खडक झाकलेला, बॅटफिश पाचसहा, ताटाएवढे, शांत, आणि मधूनच ट्रेव्हॅली थव्यात घुसून जायची तेव्हा सगळा थवा एकदम आत ओढला जायचा आणि पाण्यात धडधड जाणवायची छातीला. कपारीत एक मोठं हेकरू (ग्रूपर), तोंड अर्धं उघडं, त्याच्या गालात एक पिटुकला निळा मासा साफसफाई करत होता.

मी प्रेशर गेज बघितलं आणि मग परत बघितलं कारण आकडा वाचूनही डोक्यात शिरला नाही. नायट्रोजनमुळे होतं तसं, तीस मीटरच्या आसपास विचार मंद होतो. गाइडनं माझ्याकडे बघून बोटानं वर अशी खूण केली. वीस मिनिटं व्हायची होती अजून, पण तो म्हणाला वर तर वर.

आणि वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, सेफ्टी स्टॉप, नायट्रोजन बाहेर पडायला. उताराच्या रीफवर डाइव्ह असेल तर ही तीन मिनिटं तुळशीपाशी घालवायची असतात! लोक घड्याळाकडे बघत कंटाळून लटकतात तिथे. मी दुसऱ्या दिवशी वॉल नावाच्या साइटवरून वर येताना त्याच तीन मिनिटांत एक ऑक्टोपस रंग बदलताना, दोन क्लाउनफिश आपल्या अंड्यांवर पाणी फुंकताना आणि एक मोठा शिंपला, जायंट क्लॅम, ओठ मिटताना पाहिला. खालच्या वीस मिनिटांइतकंच, कदाचित जास्तच. माझा रबरबँड परत विटकरी झाला होता.

गडग्यापाशी दोर संपला. काका म्हणाले, आणि पलीकडे?

पलीकडे शेजाऱ्यांची कलमं आहेत आणि ती उतरत उतरत खाली रस्त्यापर्यंत जातात, बरोबर समुद्राच्या उतारासारखी. तीस मीटरपासून साधारण दीडशे मीटरपर्यंतच्या पट्ट्याला मेसोफोटिक म्हणतात, म्हणजे मधल्या उजेडाचा. तिथे अजूनही उजेडावर जगणारी पोवळी आहेत, लेप्टोसेरिस नावाची, कागदासारखी पातळ, दीडशे मीटरच्याही खाली सापडलीत, म्हणजे ऐंशी-नव्वद वाव. त्याखाली कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटाजवळ पाणबुडीतून केलेल्या कामावरून २०१८ ला शास्त्रज्ञांनी आणखी एक थर वेगळा धरला, १३० ते ३०९ मीटर, तिथले मासे वरच्यांपेक्षा निराळे.

बरीच वर्षं एक आशा होती, मलाही होती, की वरचं मेलं तरी खालचं वाचेल आणि मग खालून वर परत बी येईल. कोठीत बियाणं ठेवतात तसं. पण २०१८ लाच दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की खालचं आणि वरचं बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या जातींचंच आहे. आणि मग २०१९. आठवतंय ना, त्या वर्षी आपल्याकडे ऑक्टोबर संपत आला तरी पाऊस जात नव्हता, हिंद महासागराच्या पश्चिमेकडचं पाणी तापलं होतं, इंडियन ओशन डायपोल. त्याच वर्षी चागोस बेटांजवळ शास्त्रज्ञांना नव्वद मीटरवर पांढरी पडलेली पोवळी सापडली. पन्नास वाव! वरचं गरम पाणी जाड थर होऊन खाली दाबलं गेलं आणि जिथे २२ अंश असायचं तिथे २९ झालं. वरची पोवळी त्या वेळी धड होती. म्हणजे वरून बघून कोणाला कळलंही नसतं. आणि चागोस म्हणजे फार लांब नाही, लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस एकाच बुडालेल्या डोंगररांगेवर आहेत.

हे सांगताना माझा आवाज चढला बहुतेक, कारण काकू आतून चहा घेऊन आली.

चहा पिताना मी डार्विनचं सांगितलं, ते काकांना सगळ्यात जास्त आवडलं. १८३६ च्या एप्रिलमध्ये बीगल जहाज हिंद महासागरातल्या कीलिंग बेटांवर होतं, तेव्हा पाण्यात उतरून बघायची सोय नव्हती. तर कॅप्टन फिट्झरॉयनं शिशाचं वजन दोराला लावून सोडलं आणि वजनाच्या तळाला चरबी थापली. दहा वावाच्या आत सोडलं की चरबीवर जिवंत पोवळ्यांचे ठसे उमटून यायचे आणि वाळूचा कण नाही. जसं खोल जाईल तसे ठसे कमी, वाळू जास्त, आणि पुढे नुसती वाळूच. यातून डार्विनची खात्री पटली की रीफ बांधणारी पोवळी उथळातच जगतात, मग खोल समुद्रात मधोमध गोल बेटं कशी, तर खालची जमीन हळूहळू बुडतेय आणि पोवळी वरच्या बाजूला बांधत राहतायत. दोर, शिसं आणि चरबी. काका म्हणाले, बरोबर आहे, तळ दिसत नाही, तळ हाताला कळतो. ते स्वतः दोराच्या झटक्यावरून खडप की रेती की चिखल ते सांगायचे.

मग ते उठले, काठी घेऊन दोराच्या बाजूने चालत गेले. मला वाटलं गडग्यापर्यंत जातील, पण माडाच्या थोडं पुढे बाराव्या गाठीवर थांबले. म्हणाले, जुने तांडेल सांगायचे, विजयदुर्गावरून बाहेर गेलं, दिवस-रात्र गेलं, जिथे शिसं टेकायलाच नको अशा ठिकाणी एकदम टेकतं. "हंय टेकता. बारा वावार."

अंग्रिया बँक. कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेली, किनाऱ्यापासून साधारण १०५ किलोमीटरवर बुडालेली पोवळ्यांची जागा, जिचा माथाच वीसेक मीटर खाली आहे. आपल्या किनाऱ्याजवळ, मालवणच्या अभयारण्यात सुद्धा, पोवळी उथळातच सापडतात कारण नद्यांचा गाळ येतो, पाणी गढूळ, उजेड चार वावातच संपतो. आणि तिकडे एवढ्या आत पाणी स्वच्छ म्हणून बारा वावावरही उजेड पोचतो. म्हणजे एकाच कोकणच्या समुद्रात बारा वाव या आकड्याचे दोन अर्थ आहेत.

मी काकांच्या शेजारी बाराव्या गाठीवर उभी राहिले आणि पायरीकडे बघितलं. आत्तापर्यंत सांगितलेलं बरंचसं, ती खडपं, फांद्यांची झुडपं, शेतं राखणारा डॅमसेल, सगळं आमच्या मागे राहिलेलं. तिथे बँकेवर हा भाग नाहीच, तिथे सगळं या गाठीपासून सुरू होतं.

काकांनी विचारलं तू तिथे जाशील काय. मी म्हटलं, नेणारी बोट मिळाली तर. ते म्हणाले, "मगे त्या फोटोत टॉर्च लावूक विसरू नको," आणि दोर गुंडाळायला लागले, एक एक वाव हात पसरून.